नोकरीची बोली : शिंद्यांच्या लष्करात काम मागण्याची रीत

आपल्या ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये संध्याकाळी फिरायला निघालात तर शिकवणीवर्गांच्या पाट्या तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. बँक, रेल्वे, पोलीस आणि त्यांच्या जोडीला सैन्यभरती. भिंड-मुरैन्याकडची मुले खोली भाड्याने घेऊन राहतात, पहाटे धावतात आणि दिवसा गणिते सोडवतात. आमच्याच इमारतीतला एक मराठी घरातला मुलगा या वाटेवर आहे. मागच्या वर्षी जिन्यात त्याने मला थांबवले आणि विचारले, "काका, मला इंजिनचं काम येतं. वडिलांच्या गॅरेजमध्ये शिकलोय. भरतीत तेच काम द्या असं सांगता येतं का?"

मी म्हणालो, "अरे, अर्जात जो प्रकार भरशील त्याची परीक्षा. जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क, ट्रेड्समन. पुढचं ते ठरवणार."

"म्हणजे बोलणी नाहीतच?"

त्या वेळी मी "नाहीत" म्हणून मोकळा झालो. पण इतिहासाच्या माणसाला असे उत्तर देऊन झोप लागत नाही. कारण ज्या गावात आम्ही दोघे उभे होतो ते गावच मुळी अशा बोलण्यांवर उभे राहिले आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तो उठलाच नाही आणि त्याचे शहर झाले. त्या शहराला आपण अजून 'लष्कर' म्हणतो. कंपू, शिंदे की छावणी, पडाव, हुजरात ही नावे आपण रिक्षावाल्याला सांगतो. त्यांतले प्रत्येक नाव फौजेच्या दप्तरातून आलेले आहे. 'कंपू' म्हणजे कवायती पलटणींचा जथा, 'हुजरात' म्हणजे खाशा धन्याच्या हुकमतीतली फौज. या फौजेत माणूस कसा शिरत होता, कोणते काम मागत होता, कोणत्या अटींवर राहत होता आणि मागण्याची ही सोय पुढे कशी गेली, हे या व्याख्यानात तुमच्यापुढे मांडायचे आहे. जुन्या मराठीत याला नेमका शब्द होता : बोली. बोली म्हणजे भाषा, तशीच बोली म्हणजे ठरलेली अट.

घोडा कोणाचा?

मराठी फौजेत नोकरी मागायला आलेल्या स्वाराच्या बाबतीत पहिला प्रश्न घोड्याचा असे. घोडा आणि हत्यारे स्वतःची असतील तर तो शिलेदार. घोडा सरकारी पागेतला असेल तर तो बारगीर. दोघेही एकाच मैदानात लढत, पण दोघांची बोली एक नव्हे. बारगिराला पगार कमी, मात्र घोड्याची चिंता नाही. शिलेदाराला पगार अधिक, पण घोडा लढाईत पडला तर भांडवलही गेले आणि नोकरीही गेली. म्हणून शिलेदार चाकरीला येण्यापूर्वीच हिशेब मांडी. स्वारीच्या तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळे, तिला 'नालबंदी' म्हणत. ती किती, रोजमुरा केव्हा हाती पडणार, जनावर कामी आले तर भरपाई मिळणार का, हे सगळे बोलून घ्यावे लागे. सरदारांच्या बाबतीत हाच प्रकार मोठ्या अंगाने होई. त्यांनी किती स्वार ठेवायचे आणि त्यांच्या खर्चाला कोणता मुलूख, हे 'तैनातजाबत्या'त लिहिले जाई.

कुणाच्या पथकात न मोडणारा, आपला घोडा आणि आपली तलवार घेऊन एकटाच येणारा स्वार तो 'एकांडा'. आज आपण एखाद्या स्वतंत्र वृत्तीच्या लेखकाला 'एकांडा शिलेदार' म्हणतो तेव्हा त्या शब्दामागचा व्यवहार विसरलेलो असतो. त्याचे स्वातंत्र्य त्याच्या घोड्यात होते. या तळावर मनाजोगते जमले नाही तर तो त्याच घोड्यावर बसून पलीकडच्या तळावर जाऊ शकत होता.

बोलणी करायला हंगामही होता. पावसाळ्यात बहुतेक स्वार आपापल्या गावी शेतावर. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की मुलूखगिरीचे दिवस सुरू होत. त्या आधीच्या आठवड्यांत सरदाराला माणसांची निकड असे आणि शिलेदाराच्या शब्दाला वजन असे. ठरले की नावनिशी लागे. माणसाचे रंगरूप आणि खुणा, घोड्याचा रंग आणि डाग हे सगळे कागदावर चढे, पुढे हजेरीला माणूस किंवा जनावर बदलू नये म्हणून. आपल्या भाषेत रुळलेली 'चेहरेपट्टी' ती हीच.

धन्याची बाजूही समजून घ्या. ज्याचा घोडा स्वतःचा, तो ऐन गर्दीत घोडा वाचवायला बघणार, ही सरदारांची कायमची तक्रार होती. शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला त्याचे एक कारण हेच. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिलेल्या बखरीत ती व्यवस्था दिसते : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद, पगार रोख, आणि शिलेदारही पागेच्या नजरेखाली. ज्या धन्याला हुकूम चालवायचा असतो तो आधी घोडा आपला करतो. घोडा सरकारी झाला की स्वाराची अडचण मिटते, आणि त्याबरोबर त्याची घासाघीसही मिटते. पुढे येणाऱ्या दोनशे वर्षांचे बीज या एका वाक्यात आहे, ते लक्षात असू द्या.

कसबाची किंमत

अठराव्या शतकाच्या मध्यावर बाजारात एक नवा माल आला : कवायती पायदळ. त्या शिपायाजवळ घोडा नव्हता. त्याच्याजवळ कसब होते. रांगेत उभे राहायचे, हुकमासरशी बार काढायचे, घोडदळ अंगावर आले तरी रांग मोडायची नाही. हे कसब दुर्मिळ होते, आणि दुर्मिळ कसबाचा माणूस वेळेवर पगार मागतो. इब्राहीमखान गारदी निजामाकडून पेशव्यांच्या चाकरीत आला तो याच बोलीवर. पानिपतच्या हकिकतीत काशिराज पंडिताने एक प्रसंग नोंदला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहीमखान सदाशिवरावभाऊंपुढे गेला. आपल्या माणसांच्या पगाराचा तगादा लावतो म्हणून भाऊंची आपल्यावर मर्जी खपा आहे, याची त्याने आठवण दिली. त्या महिन्याचा पगार तर मिळालाही नव्हता. तरी आज चाकरी चोख बजावतो, असे सांगून तो गेला आणि बजावली. पगाराची अट आणि मरणाची तयारी एकाच माणसात असू शकते, हे त्या प्रसंगातून शिकावे.

आता आपल्या किल्ल्याखाली येऊ. साल १७८४ च्या आगेमागे. ग्वाल्हेर आणि गोहदच्या राण्याचा मुलूख घेण्यासाठी पाटीलबाबा, म्हणजे महादजी शिंदे, या भागात तळ देऊन होते. तेव्हा एक तिशी ओलांडलेला परदेशी माणूस नोकरी शोधत इकडे आला. नाव बेनवा डी बॉयन, जन्म १७५१, गाव सव्हॉय प्रांतातले शांबेरी. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत राहून झाले होते, रशियाची चाकरी झाली होती, तुर्कांच्या कैदेत दिवस काढून झाले होते. मद्रासेत कंपनीच्या फौजेत हलक्या हुद्द्यावर राहिला, बढतीची आशा दिसेना तेव्हा तीही सोडली.

त्याची आणि शिंद्यांची पहिली गाठ मोठी मजेदार आहे. मराठी तळाजवळ त्याचे सामान लुटले गेले. त्याची कागदपत्रे पाहण्यासाठी खुद्द महादजींनीच ही चोरी करवली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. उमेदवाराची प्रमाणपत्रे तपासण्याची ही रीत आज चालणार नाही. संतापलेला डी बॉयन मग राण्याच्या बाजूला वळला. लाखभर रुपये आगाऊ द्या, मी पलटणी उभ्या करतो आणि वेढा उठवतो, असा प्रस्ताव त्याने धाडला. राण्याला एवढी रक्कम परक्याच्या हाती द्यायचा धीर झाला नाही, पण शिंद्यांना धाक बसावा म्हणून त्याने ही बातमी मुद्दाम पसरू दिली. ती पाटीलबाबांच्या कानी गेली. त्यांनी राग धरला नाही. आपल्याविरुद्ध एवढी योजना आखणारा माणूस आपल्याकडेच असावा, हे त्यांनी ताडले. डी बॉयनने जयपूरकरांशीही बोलणी लावली होती. शेवटी १७८४ मध्ये तो शिंद्यांच्या चाकरीत आला.

बोली अशी ठरली. साडेआठशे शिपायांची एक, अशा दोन पलटणी त्याने उभारायच्या. त्याला दरमहा एक हजार रुपये. प्रत्येक शिपायामागे दरमहा आठ रुपये. त्याने शिपायाला साडेपाच रुपये ठरवले आणि उरलेल्यातून अंमलदारांचा पगार भागवला. आकडे नीट पाहिले तर त्याने काय मागितले ते कळते. त्याला नुसता मोठा पगार नको होता. माणसे निवडणे, त्यांना शिकवणे आणि त्यांचा पगार वाटणे हे तिन्ही अधिकार त्याने एका हातात घेतले. मद्रासेत त्याला पगार होता, पण हवे ते काम नव्हते. इथे त्याने काम आधी ठरवले आणि पगार मागाहून.

लालसोट, चाकसण, आग्रा अशा लढायांत या दोन पलटणींनी आपली किंमत सिद्ध केली. मग डी बॉयनने फौज वाढवून मागितली : दहा हजारांचा कंपू हवा. महादजींची तिजोरी तेव्हा ओढग्रस्त होती, आणि जुन्या घोडदळाच्या सरदारांना हा पायदळी पसारा खुपत होता. नकार आला. तेव्हा त्याने शांतपणे नोकरी सोडली, लखनौला गेला आणि व्यापारात पडला. भांडण केले नाही, वाटही अडवली नाही. दुसरीकडे पोट भरते हे दाखवून दिले. १७९० मध्ये पाटीलबाबांनीच त्याला बोलावून घेतले. या खेपेची बोली पहिलीहून फार निराळी होती. दहा पलटणींचा कंपू, पगार दरमहा चार हजार आणि पुढे वाढता, फौजेच्या खर्चासाठी दुआबातले सोळा लाखांच्या वसुलाचे परगणे, त्या वसुलावर शेकडा दोन टक्के वेगळे, आणि इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणार नाही ही अट. त्याच वर्षी जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता येथे या कंपूने राजपूत फौजा मोडल्या.

या बोलीची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. सोळा लाख ज्या रयतेकडून यायचे तिला कुणी विचारले नव्हते. फौजेच्या बाजारात शिपायाला थोडी घासाघीस करता येत होती, शेतकऱ्याला तेवढीही नव्हती. कदाचित म्हणूनच त्याची मुले शिपाई होत होती.

शिपायाच्या हातात काय होते?

सेनापतीची बोली कागदावर राहते आणि इतिहासात येते. साडेपाच रुपयांच्या शिपायाची बोली कुठे सापडते? थोडी डी बॉयनच्याच व्यवस्थेत सापडते. त्याच्या कंपूत पगार वेळेवर होता, आणि त्या काळात हीच सर्वांत मोठी सवलत होती. जखमी झालेल्याला जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम, आणि बरा होईपर्यंत पगार चालू. कायमचा अधू झालेल्याला निम्मा पगार जन्मभर, शिवाय जमीन. मेलेल्याची मिळकत त्याच्या नातलगांना. या गोष्टी दयेपोटी आल्या असे मानू नका. शिकवून तयार केलेला शिपाई शेजारच्या संस्थानात दुप्पट मोलाचा होता. त्याने जाऊ नये म्हणून या अटी होत्या.

तो खरोखरच जाऊ शकत होता. लालसोटची गोष्ट घ्या. १७८७ च्या जुलैअखेर महादजींची फौज जयपूरकरांपुढे उभी होती. त्यांच्याकडच्या हिंदुस्थानी पलटणींचा पगार कैक दिवस थकला होता. लढाई निकालात निघाली नव्हती. तेवढ्यात त्या पलटणी तोफांसह उठल्या आणि समोरच्या बाजूला जाऊन मिळाल्या. पाटीलबाबांना मोठ्या शिकस्तीने माघार घ्यावी लागली. डी बॉयनच्या पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत. एकाच तळावर, एकाच धन्याच्या झेंड्याखाली पगार थकलेला शिपाई आणि पगार मिळालेला शिपाई काय करतात, याचा असा ढळढळीत पडताळा क्वचित मिळतो.

सोडून जाण्याच्या अलीकडचा एक मार्ग होता : धरणे. टॉमस ब्राउटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतरावांच्या तळाबरोबर राजपुतान्यात हिंडत होता. त्याने लिहिलेल्या पत्रांतून या तळाचे रोजचे जिणे दिसते. पगार थकला की पलटण सरदाराच्या किंवा कारभाऱ्याच्या तंबूपुढे बसे, उठत नसे, त्याला जेवू देत नसे आणि आपणही जेवत नसे. खुद्द दौलतरावांच्या वाट्यालाही हे आले. मग थोडे पैसे, थोडी वचने, आणि पुन्हा काही महिन्यांनी तेच. नोकरीत शिरताना करायची बोली आता नोकरीत राहून दर थोड्या दिवसांनी करावी लागत होती. पाटीलबाबांच्या मागे पंधरा वर्षांत तळाची ही दशा झाली होती.

त्याच पत्रांत एका मुलीची हकिकत आहे. तिचा भाऊ भोपाळकडे कर्जापायी अडकून पडला होता. त्याला सोडवायला पैसा हवा, आणि पैसा मिळण्याची जागा एकच दिसत होती. तिने पुरुषाचा वेष घेतला, पुरुषाचे नाव घेतले आणि शिंद्यांच्या फौजेत शिपाई म्हणून नाव नोंदवले. बराच काळ तिने चाकरी केली. पुढे गुपित फुटले, तेव्हा तळावर तिची हेटाळणी झाली नाही, कौतुक झाले. मला ही हकिकत राहून राहून आठवते. हवे ते काम मिळावे म्हणून कुणी घोडा पुढे केला, कुणी कसब. या मुलीजवळ पुढे करण्यासारखे काही नव्हते, म्हणून तिला आपली चेहरेपट्टीच बदलावी लागली.

धनी एकच उरला

आता बाजार कसा मोडला ते पाहू. १८०३ च्या ऑगस्टअखेर, शिंद्यांशी युद्ध पुकारताना, गव्हर्नर जनरल वेलस्लीने एक जाहीरनामा काढला. मराठ्यांच्या चाकरीतल्या इंग्रजांनी आणि इतर युरोपियनांनी ती सोडून यावे, त्यांच्या उपजीविकेची सोय कंपनी करील. ही उघडउघड पलीकडच्या धन्याने लावलेली बोली होती. डी बॉयनच्या जागी आलेल्या पेरॉनने अलीगड पडताच आपली सोय पाहिली. सप्टेंबरात अलीगड आणि दिल्ली, नोव्हेंबरात लासवाडी. पाटीलबाबांनी घडवलेला कंपू तीन महिन्यांत संपला. लासवाडीला अंमलदार निघून गेलेल्या पलटणी जागेवर उभ्या राहून लढल्या, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केले. बोली सेनापतीने मोडली होती, शिपायाने मोडली नाही.

याच धांदलीत जेम्स स्किनरचे प्रकरण घडले. बाप स्कॉटिश, आई राजपूत. कंपनीच्या सैन्यात अशा रक्ताच्या मुलाला अधिकारपद मिळत नव्हते, म्हणून तो शिंद्यांच्या चाकरीत वाढला. युद्ध सुरू होताच पेरॉनने त्याला इंग्रजी रक्ताचा म्हणून काढून टाकले. इकडे जनरल लेककडे वळलेल्या शिंदेशाही स्वारांना सरदार हवा होता. त्यांनी स्किनरला निवडले. स्किनरने पद घेतले, पण एक अट घालून : जुन्या धन्यावर, शिंद्यांवर, मला पाठवायचे नाही. लेकने ती मानली. ही तुकडी पुढे स्किनर्स हॉर्स म्हणून नावाजली. एका शिपाईगड्याने घातलेली अशी अट भरती करणाऱ्याने मान्य करावी, असे प्रसंग त्यानंतर इकडे फारसे दिसत नाहीत.

कारण त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना शिंद्यांनी नोकरीत ठेवायचे नाही, हे त्यात आले. मग १८१७-१८ मध्ये पेशवाई गेली आणि हजारो शिलेदार मोकळे झाले. १८४३ च्या २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया होऊन ग्वाल्हेरची फौज हरली. पुढल्या महिन्याच्या तहाने दरबारच्या फौजेवर नऊ हजारांची मर्यादा पडली, आणि दरबारच्या खर्चाने पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत 'ग्वाल्हेर कंटिंजंट' उभी राहिली. पैसा शिंद्यांचा, हुकूम इंग्रजांचा. बोली कोणाशी करायची हेच शिपायाला उमगेना.

१८५७ च्या १४ जूनला ही कंटिंजंट मुरारला उठली. पुढल्या वर्षी १ जूनला जयाजीरावांची स्वतःची फौजही तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूला गेली. रावसाहेबांनी शहर हाती येताच खजिना उघडून शिपायांना पगार वाटला. त्या पगारवाटपाची इतिहासकारांनी चेष्टा केली आहे. वेळ लढाईच्या तयारीची होती, हे खरेच. पण इब्राहीमखानापासून चालत आलेली शिपायाची भाषा ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात धरणे दिसेल, लालसोट दिसेल. आधी बोली पुरी करा, मग चाकरी मागा. १७ जूनला कोटा की सराय येथे राणी पडल्या. फुलबागेजवळची त्यांची समाधी सिटी सेंटरहून दूर नाही. त्या आठवड्याबरोबर या मुलखातला दुसरा धनीही संपला.

ज्यांना दारच बंद झाले

यापुढे नोकरी देणारा एकच. 'शिलेदार' हा शब्द इंग्रजी घोडदळात 'सिल्लदार' होऊन राहिला. भरती होणारा स्वार घोड्यासाठी रक्कम भरी, त्याच्या या जागेला 'असामी' म्हणत. पण ही शिलेदारी नावाची होती. असा घोडा घेऊन पलीकडच्या तळावर जाता येत नव्हते, कारण पलीकडे तळच नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धतही बंद झाली.

एकट्या माणसाची बोली संपली तेव्हा नवा प्रकार सुरू झाला : समूहाचा अर्ज. याचे सर्वांत धारदार उदाहरण महार समाजाचे आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या महार शिपाई होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतली त्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. पण लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद सरकारने धरला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. इथे पगाराची किंवा हुद्द्याची घासाघीस नव्हती. काम मागण्याचा हक्कच काढून घेतला होता.

त्यांनी लेखणी हाती धरली. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली विनंतिपत्र तयार केले. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पूर्वजांची चाकरी, जखमा आणि इमान हे सगळे त्यांनी सरकारपुढे मांडले. सरकारने दाद दिली ती स्वतःची गरज पडली तेव्हा. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर होते. महू छावणीत सुभेदाराच्या घरी जन्मलेल्या या माणसाला भरतीचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्यांनी महारांच्या पलटणीची मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र आज आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला आहे. डी बॉयनला हवे ते काम सहा वर्षांत मिळाले. या समाजाला पन्नास वर्षे लागली.

जिन्यातल्या मुलाला उत्तर

वाचकहो, आता त्या मुलाकडे परत येतो. इतका इतिहास सांगून त्याला काय देणार?

जुन्या बाजाराचे गोडवे गाऊ नयेत, हे आधी सांगतो. त्या बाजारात महिनोन्‌महिने पगार थकत होता, शिपाई उपाशी धरणे धरत होता आणि रयत लुटली जात होती. आजच्या शिपायाचा पगार तारखेला जमा होतो, तो कोणत्या सरदाराच्या मर्जीवर नाही, आणि भरतीची परीक्षा सगळ्यांना एक आहे. साडेपाच रुपयांच्या शिपायाने हे स्वप्नात पाहिले नसते. पण आज बोली ठरते ती एकाच बाजूने. २०२२ साली अग्निपथ योजना आली : चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतल्या एकापर्यंत कायम होण्याची संधी. तेव्हा देशभर मुले रस्त्यावर आली आणि आपल्या ग्वाल्हेरातही आली. झालेल्या नासधुशीचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्या मुलांचा प्रश्न या शहराला नवा नव्हता. अटी ठरताना आम्हाला कुणी विचारले का, हाच तो प्रश्न.

मी त्या मुलाला पुन्हा गाठले आणि सांगितले, "बोलणी होत नाहीत असं मी म्हणालो, ते अर्धंच खरं होतं. खिडकीपाशी होत नाहीत, पण खिडकीपाशी जाण्याआधी होतात. तुला इंजिन येतं, तर ते कागदावर येऊ दे. आयटीआयचं प्रमाणपत्र घे. टेक्निकलची पात्रता वाच आणि तेवढे गुण मिळव. जनरल ड्युटीचा अर्ज सोपा म्हणून भरू नकोस. एकदा चेहरेपट्टी लिहिली गेली की प्रकार बदलणं अवघड. अटींचा कागद सही करण्याआधी वाच, नंतर नाही. आणि गॅरेज विकू नका असं वडिलांना सांग."

शेवटच्या वाक्याला तो हसला. "गॅरेजचं काय त्यात, काका?"

मी म्हणालो, "तोच तुझा घोडा."